जुलैत पावडर सादळते ती बरणीमुळे नाही, आपल्यामुळे

मागे एकदा जुलै महिन्यात मी शेवग्याच्या पानांची पावडर करायला घेतली, कारण सोसायटीच्या मागच्या झाडाची फांदी पावसात पडली आणि एवढी पानं कोण टाकून देणार. ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो, म्हणजे दिसतो असं म्हणायचं, जून ते सप्टेंबर फक्त ढग दिसतात. पानं पेपरवर पसरून तीन दिवस फुल स्पीड पंख्याखाली ठेवली, हाताला चुरचुरीत लागली, मिक्सरला फिरवली, चांगली काचेची बरणी घेऊन गच्च झाकण लावलं आणि मिरवत आईला दाखवली. तीन आठवड्यांनी उघडली तर मधे एक गोळा, त्यावर करडी लव आणि वास असा की बरणी सुद्धा टाकावीशी वाटली. आईला म्हटलं झाकणातून हवा गेली असणार, तर ती म्हणाली, "हवा कसली जातेय रे, तू ओलीच भरलीस."

मला पटलं नाही म्हणून आकडेमोड केली आणि आई बरोबर निघाली. आपल्याकडे जुलैत ३० डिग्री तापमान आणि ८५ टक्के ह्युमिडिटी ही रोजचीच गोष्ट. अशा हवेत एका घनमीटरमध्ये साधारण २६ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं, म्हणजे एक लिटरच्या बरणीत झाकण लावताना अडकतं ते ०.०२६ ग्रॅम, पाण्याचा अर्धा थेंब. अर्ध्या थेंबाने पाव किलो पावडरीला काहीही होत नाही. पाणी येतं ते दुसऱ्या रस्त्यांनी: माल आतून पुरता वाळलेला नसतो, गार डबा दमट हवेत उघडला जातो, आणि रोजचा ओला चमचा. चौथा रस्ता म्हणजे ढिलं झाकण, पण त्याला वेळ लागतो. बाजारात सगळा पैसा या चौथ्यावर खर्च करायला लावतात, भारी बरण्या, व्हॅक्यूम पंप वगैरे, आणि पहिल्या तिघांकडे कोणी बघत नाही.

खाली जे लिहितोय ते टोमॅटो, कांदा, लसूण, बीट, शेवगा, कढीपत्ता, आमचूर अशा घरच्या पावडरींसाठी, आणि शेवटी घरी कढवलेल्या तेलासाठी. मे महिन्यात केलेल्या वर्षाच्या मसाल्याला यातलं निम्मं लागत नाही, कारण ब्याडगी आणि संकेश्वरी वैशाखाच्या उन्हात कडकडीत वाळवून, भाजून डंकावर गेलेल्या असतात. आणि हो, मसाल्याच्या बरणीत हिंगाचे खडे ठेवतात ते किडीसाठी, ओल शोषायला नाही, हा गैरसमज आमच्याही घरात होता.

आधी पंख्याखाली का वाळत नाही ते बघू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. कुठलीही वाळवायची वस्तू शेवटी आजूबाजूच्या हवेशी जुळवून घेते. हवा ८५ टक्क्यांची असेल तर पंखा तीन दिवस लावा नाहीतर तेरा दिवस, पान त्या ८५ च्या खाली जाऊच शकत नाही, आणि बुरशीला साधारण ७० च्या वर मजा येते. काही चिवट बुरशा त्याहून कमीवरही हळूहळू वाढतात पण ६० च्या खाली काहीच वाढत नाही, हा आकडा लक्षात ठेवा, ६०. पंखा फक्त वेग वाढवतो, मुक्काम बदलत नाही. मिठाचंही हेच, मीठ ७५ टक्क्यांच्या वर हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं, म्हणून डिसेंबरात तेच मीठ त्याच डब्यात मोकळं असतं आणि जुलैत रडतं. टोमॅटो, आंबा, चिंच, बीट यांच्यात जी साखर असते ती तर मिठाच्याही आधी चिकट होते, म्हणून टोमॅटो पावडरीचा दगड होतो आणि कढीपत्त्याची पावडर त्याच कपाटात बरी राहते.

मग काय करायचं, तर हवा बदलायची. दोन सोपे मार्ग.

पालेभाजीसारख्या पातळ पानांना एसी पुरतो. खोलीचं दार-खिडकी बंद, एसी २४-२५ वर किंवा ड्राय मोडला, पानं चाळणीवर किंवा सुती कापडावर एकेरी थरात, वर पंखा. एसीच्या खोलीत ह्युमिडिटी बहुतेक वेळा ५०-५५ च्या आसपास येते, रात्रभरात पानं तिथपर्यंत पोचतात. पण आधी देठ काढा, शेवग्याचे तर मधल्या काडीसकट सगळे, माझा घोळ तिथेच झाला होता, पान वाळतं आणि काडीत पाणी दडून राहतं. सकाळी ओटीजीत (ओट्यावरचा छोटा इलेक्ट्रिक ओव्हन) ५०-६० डिग्रीला २०-३० मिनिटं फिरवून घ्या, म्हणजे शेवटची उरलेली ओल जाते.

टोमॅटो, कांदा, बीट यांना एसी पुरत नाही, त्यांना उष्णता हवी. इथे एक मस्त गोष्ट आहे, बाहेरची ८५ टक्क्यांची सर्द हवा ६० डिग्रीपर्यंत तापवली की तिचीच ह्युमिडिटी १८-२० टक्क्यांवर येते, पाणी तेवढंच असतं पण गरम हवेची तहान वाढते. म्हणून भर पावसातही ओटीजी किंवा डिहायड्रेटर व्यवस्थित चालतो, फक्त बाहेर पडणाऱ्या वाफेला वाट पाहिजे. ओटीजीच्या दारात लाकडी उलथनं अडकवून बोटभर फट ठेवा, कन्व्हेक्शनचा पंखा असेल तर चालू. टोमॅटोच्या चकत्या ५-६ मिलिमीटरच्या, बिया आणि गर काढलेल्या, ६०-६५ डिग्रीला ८ ते १० तास, मधे एकदा उलटायच्या. घाई करून १०० वर ठेवलं तर वरून कवच धरतं आणि आत ओलं राहतं, बाहेरून बघून कळतच नाही, हा प्रकार फार फसवा आहे. तुमचा ओटीजी ६० पर्यंत उतरत नसेल (जुने बरेच १०० च्या खाली जात नाहीत) तर १० मिनिटं चालू, २० मिनिटं बंद असं करत बसावं लागतं, मी केलंय, कंटाळवाणं आहे पण जमतं.

वाळलं की नाही हे हाताने ठरवू नका, गरम असताना टोमॅटो मऊच लागतो आणि गार झाल्यावर कडक. चकती पूर्ण गार करून वाकवा, कट्कन तुटली पाहिजे, वाकली तर परत आत. त्याहून खात्रीचं म्हणजे वजन. सोनाराकडे असतो तसला छोटा ०.१ ग्रॅमचा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असतं, म्हणजे गर काढून १ किलो चकत्या लावल्या तर शेवटी ५०-६० ग्रॅमच हातात यायला हवं, ८० ग्रॅम आलं तर खुश होऊ नका, वरचे ते २०-३० ग्रॅम पाणी आहे. शेवटाकडे ताट वजन करा, तासभर अजून वाळवा, परत करा. ५० ग्रॅमच्या मालात अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडत असेल तर अजून चालू द्या.

आता माझी सगळ्यात आवडती युक्ती. दोन-तीनशे रुपयांना छोटा डिजिटल ह्युमिडिटी मीटर मिळतो, आगपेटीएवढा. आधी तो खरं बोलतो का ते तपासायचं: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात पाण्याचे चार-पाच थेंब, मीठ विरघळायला नको, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे. ते झाकण आणि मीटर एका झिप पाऊचमध्ये बंद करून रात्रभर ठेवा, सकाळी ७५ दाखवायला हवं. ७१ दाखवला तर तुमचा मीटर चारने कमी बोलतो, मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवा. मग वाळवलेला माल बरणीत अर्ध्यापर्यंत भरून मीटर आतच ठेवून झाकण लावायचं आणि २४ तास थांबायचं. बरणीतली हवा आता मालाशी जुळवून घेते (उलटं नाही, कारण हवेत पाणीच किती, अर्धा थेंब) आणि जो आकडा येतो तो मालाचा खरा आकडा, फूड टेक्नॉलॉजीवाले ज्याला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात आणि ०.५५ असं लिहितात ते तुम्हाला ५५ दिसतं. स्वस्तातल्या मीटरची चूक धरून मी ५० च्या आत आणतो. ६० च्या वर आलं तर परत ओटीजीत, वाद नाही.

मीटर नसेल तर जुनी पद्धत, दोनतृतीयांश बरणी भरून आठवडाभर रोज एकदा हलवायची आणि काचेच्या आतून बघायचं. बाष्प दिसलं किंवा तुकडे एकमेकांना चिकटले तर सगळं परत वाळवायचं. यात अजून एक फायदा, काही तुकडे जास्त वाळलेले असतात काही कमी, आठवड्यात ते आपसात वाटून घेतात.

यानंतर दळणं. सगळं एकदम दळायची हौस आवरा. अख्खी चकती हवेला जेवढा पृष्ठभाग दाखवते त्याच्या कितीतरी पट पावडर दाखवते, म्हणून ती मिनिटांत ओल ओढते. चकत्याच बरणीत ठेवा आणि दोन आठवड्यांपुरतं दळा. मिक्सरचं भांडं आदल्या रात्री धुवून उन्हात, नसेल ऊन तर ओटीजीजवळ पूर्ण वाळलेलं हवं, पात्याच्या खाली जो रबर असतो त्याच्या खाचेत पाणी राहतं तिथे टिश्यू फिरवा. मिक्सर थांबून थांबून चालवा, सलग चालवला की पावडर गरम होते आणि टोमॅटोची साखर पात्याला चिकटते. दळणं आणि भरणं दोन्ही एसीच्या खोलीत करायचं, किचनमध्ये नाही, तिथे बाजूला कुकरची शिट्टी होत असते. गरम पावडर लगेच झाकण लावून कोंडली की झाकणाला आतून घाम येतो, उघडी ठेवली की दमट होते, म्हणून एसीच्या खोलीत परातीत पसरून वर कोरडं कापड, १५-२० मिनिटं, मग भरायची.

टोमॅटो आणि आंब्याच्या पावडरीत थोडं कॉर्नफ्लोर किंवा आरारूट मिसळलं तर गुठळ्या कमी होतात, १०० ग्रॅमला चमचाभर. पण कॉर्नफ्लोर स्वतःच कोरडं नसतं, आधी कढईत मंद आचेवर पाच मिनिटं हलवून गार करून घ्या, नाहीतर आपणच पाणी घातल्यासारखं.

बरणी कसली? काच, आणि झाकणात रबराची किंवा सिलिकॉनची रिंग. स्टीलचा डबा हवाबंद नसतो, किती दाबून लावला तरी, डाळ-तांदळाला ठीक आहे. प्लॅस्टिकमधून वाफ हळूहळू आत येते, पातळ झिप पाऊचमधून तर जास्तच, म्हणून वर्षभर ठेवायचं असेल तर आतून चांदीसारखा थर असलेले फॉइल पाऊच घ्या, जांभळी नाक्याच्या बाजारात पॅकिंगचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. मोठ्या एका बरणीपेक्षा चार छोट्या बऱ्या, कारण रोज उघडली जाते ती एकच. बरणी धुतली की आधी नीट पुसून ओटीजीत १०० डिग्रीला १५ मिनिटं, झाकणाची रिंग काढून वेगळी वाळवायची, रिंगेखाली पाणी दडलेलं असतं हे नव्वद टक्के लोकांना माहीत नसतं (आकडा माझा, रागातून आलेला).

सिलिका जेल सगळे टाकतात पण किती टाकायचं आणि कशासाठी हे कोणी सांगत नाही. कोरडी सिलिका ४० टक्क्यांच्या हवेत स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या भागाएवढं पाणी घेते. म्हणजे ५ ग्रॅमची पुडी १ ग्रॅम पाणी. २०० ग्रॅम पावडर पाच टक्के जास्त ओली भरली असेल तर त्यात १० ग्रॅम जास्तीचं पाणी आहे, ५ ग्रॅमच्या दहा पुड्या लागतील. सिलिका ही वाळवण्याची मशीन नाही, रोज झाकण उघडल्यावर येणाऱ्या अर्ध्या थेंबांचा हिशोब ठेवणारी आहे, त्या कामाला अर्ध्या लिटरच्या बरणीत एक ५ ग्रॅमची पुडी भरपूर. खाण्याच्या वस्तूंसाठीची म्हणून विकतात ती घ्या, रंग बदलणारी हवी असेल तर नारिंगीची हिरवी होणारी, निळ्या-गुलाबी मण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं ते किचनमध्ये नको. नारिंगी मणी हिरवे झाले की ११०-१२० डिग्रीला दोन-तीन तास ठेवून परत कोरडे होतात, पण कागदी पुडीसकट भट्टीत टाकू नका, सुटे मणी ताटलीत. बुटांच्या खोक्यातली पुडी वापरू नका, ती केव्हाच भरलेली असते. कपाटात लटकवायचे ते पाणी जमा करणारे डबे कॅल्शियम क्लोराइडचे असतात, ते खाण्याच्या कपाटात अजिबात नको, सांडलं तर संपलं. आणि तांदूळ, बरणीत तांदळाची पुरचुंडी, बापरे, मिठाच्या डब्यात चालतं पण पावडरीच्या बाबतीत तांदूळ स्वतःच १२-१३ टक्के पाणी घेऊन बसलेला असतो.

आता फ्रीज, इथे सगळ्यात जास्त माल मरतो. ३० डिग्री आणि ८५ टक्के असलेल्या हवेचा दवबिंदू २७ डिग्रीच्या आसपास असतो, म्हणजे २७ च्या खाली असलेली कुठलीही वस्तू त्या हवेत आली की तिच्यावर पाणी जमतं. फ्रीजमधली ५ डिग्रीची बरणी तर सोडाच, एसीच्या खोलीतून आणलेली २४ डिग्रीची बरणी सुद्धा किचनमध्ये घाम धरते! आणि ती थंड असताना झाकण उघडलं तर तो घाम पावडरीवर बसतो. म्हणून नियम एकच, फ्रीज किंवा फ्रीजरमधून काढली की बंद ठेवायची, दीड-दोन तास ओट्यावर, बाहेरून पूर्ण कोरडी आणि हाताला साधी लागेपर्यंत, मग पुसून उघडायची. आठवड्यापुरती छोटी पुडी बाहेर ठेवा, बाकी सगळं फ्रीजरमध्ये, महिन्यात चारदाच काढायला लागते. रोज फ्रीजमधून काढून भाजीत चमचा घालून परत ठेवणारे असतात, त्यांनी फ्रीजमध्ये न ठेवलेलंच बरं.

चमचा. उकळत्या आमटीवर बरणी धरून थेट ओतणारी माणसं मी पाहिली आहेत, एक तर घरातच आहे, नाव घेत नाही. वाफ सरळ बरणीत जाते. लाकडी कोरडा चमचा बरणीत आणि वाटीत काढून मग आमटीत.

तेलाचं थोडं वेगळं आहे. जास्वंद, माका, कढीपत्ता, ब्राह्मी घालून घरी खोबरेल कढवतात त्यात पानांतलं पाणी हाच सगळा प्रश्न, ते राहिलं की महिन्याभरात तेलाला आंबूस वास येतो आणि तळाशी गढूळ थर. पानं धुवून रात्रभर एसीत वाळवा, जितकं पाणी आधी जाईल तितकं तेल कमी तापवावं लागतं. मग मंद आच. थर्मामीटर असेल तर गंमत बघा, जोवर पानांत पाणी आहे तोवर तेल १०० च्या आसपास अडकून राहतं, बुडबुडे येत राहतात, पाणी संपलं की तापमान अचानक चढायला लागतं, तिथे गॅस बंद. थर्मामीटर नसेल तर आयुर्वेदातली कसोटी आहे, आणि ती इतकी नेमकी आहे की मला फार कौतुक वाटतं: तळातला गाळ बोटांवर घेऊन वातीसारखा वळला जातो का बघायचं, आणि ती वात ज्योतीवर धरली की तडतड आवाज येता कामा नये. तडतड म्हणजे पाणी. तेल असेल तर शेवटी फेस येतो, तूप असेल तर फेस बसतो, ही अजून एक खूण.

कोमट असताना कोरड्या कापडातून गाळायचं, पिळून काढलेला शेवटचा भाग वेगळ्या वाटीत आणि तो आधी वापरून टाकायचा, त्यातच गाळ जास्त. बाकीचं तेल एक रात्र झाकून बाहेर ठेवा, एसीत नको, खोबरेल २४ डिग्रीच्या आसपास थिजतं आणि पाण्याचे थेंब मधेच अडकतात, तळाशी बसत नाहीत. सकाळी वरचं हळूच कोरड्या बाटलीत ओता, खालचा चमचाभर सोडून द्या. बाटली बाथरूममध्ये ठेवू नका, तिथे रोज गरम पाण्याची वाफ असते, लागेल तेवढं वाटीत घेऊन जा.

एक गोष्ट मात्र गमतीत घेऊ नका. ताजा लसूण किंवा ओल्या मिरच्या तेलात घालून बाटली ओट्यावर ठेवायची पद्धत हल्ली बरीच दिसते. तेलाखाली हवा नसते, लसणात ओल असते आणि आंबटपणा नसतो, अशा जागी बॉटुलिझमचे जंतू विष तयार करू शकतात, आणि त्याला वास-चव काहीच कळेल असं नाही. लसणाचं तेल हवं असेल तर पूर्ण वाळवलेला लसूण वापरा, नाहीतर ताजं करून फ्रीजमध्ये आणि तीन-चार दिवसांत संपवा.

आणि जी आधीच सादळली आहे तिचं काय? नुसत्या गुठळ्या असतील, वास स्वच्छ असेल, रंग तोच असेल तर परातीत फोडून ६० डिग्रीला तासभर, गार करून मीटरची परीक्षा, ५० च्या आत आली तर ठेवा. लव दिसली, धागे दिसले, किंवा जुन्या पुस्तकाच्या कपाटासारखा वास आला तर सगळी टाका, वरचा भाग काढून खालची वापरता येत नाही, पावडरीत बुरशी दिसते त्याहून खूप आत पसरलेली असते आणि काही बुरशांचं विष भाजून किंवा उकळूनही जात नाही. बरणी आणि रिंग उकळत्या पाण्यातून काढून परत ओटीजीत. माझी ती शेवग्याची बरणी अजून वापरात आहे, सध्या तिच्यात कढीपत्ता आहे, आज सकाळी मीटर ४७ दाखवत होता.